थंडीत एसी रिपेअर: गॅस, कॉइल अन् सगळा खर्च

नागपुरात एसी रिपेअर करायचा असेल तर डिसेंबरात करा, असं मी सध्या भेटेल त्याला सांगून राहिले आहे, अन् लोक माझ्याकडे अशा नजरेने पाहतात की हिला झालं तरी काय, बाहेर लोकं शेकोटी करून बसलेत अन् ही एसीचं बोलते. पण मी मनापासून सांगते. आपल्याकडे थंडी अगदीच नसते असं नाही, 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 पर्यंत उतरला होता हे बहुतेकांना आठवत असेल, अन् याच दिवसांत एसीवाले मोकळे असतात, फोन उचलतात, दिलेल्या दिवशी येतात, अन् मुख्य म्हणजे एका घरी थांबून नीट काम करायला त्यांच्याकडे वेळ असतो. एप्रिल-मे मध्ये हाच माणूस दिवसभर एका घरून दुसऱ्या घरी पळत असतो, तो तुमच्या मशीनला अर्धा तास देईल अन् गॅस मारून जाईल, त्यात त्याचाही फार दोष नाही. आमच्या घरी उन्हाळाभर काय झालं अन् थंडीत ते कसं निस्तरलं, किती पैसे लागले, हे सगळं लिहून ठेवते कारण मला स्वतःला हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरेच पैसे वाचले असते.

आमचं घर मानेवाड्याकडे, वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. मागून नाला जातो. मोठा नाही, पण उन्हाळ्यात पाणी आटलं की वास येतोच. एसी आईच्या खोलीत, दीड टनचा इन्व्हर्टर स्प्लिट, लॉकडाउन लागायच्या थोडा आधी घेतलेला, आर-32 गॅसवाला. आईला बीपी आहे अन् मागे एकदा उन्हाळ्यात दुपारी चक्कर येऊन पडली होती, तेव्हापासून डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की दुपारी यांना गरम खोलीत ठेवू नका. म्हणजे हा एसी आमच्यासाठी चैन नाहीच, आईच्या गोळ्यांइतकाच तो लागतो. म्हणून तो बिघडला की माझा जीव टांगणीला.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा जाणवलं की खोली थंडच होत नाहीये. हवा येते, पण नुसती पंख्यासारखी. इनडोरची, म्हणजे खोलीतल्या युनिटची, जाळी उघडून पाहिलं तर कॉइलच्या (ज्यातून गॅस फिरतो त्या तांब्याच्या नळ्यांच्या) एका कोपऱ्यात बर्फ जमलेला अन् बाकी कॉइल कोरडी, आउटडोरच्या बारीक पाइपवरही पांढरा बर्फ. हे मला आता समजतं की गॅस कमी झाल्याची ही ठरलेली खूण आहे, अर्ध्या कॉइलपुरताच गॅस पुरतो अन् तेवढाच भाग गोठतो. कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. मुलगा आला, प्रेशर मोजायचं गेज लावलं, म्हणाला गॅस कमी आहे, भरावा लागेल. आउटडोरचे दोन्ही नट पान्याने कसले, म्हणाला इथून थोडं लीक होतं, झालं आता. गॅस चार्जिंगचे 2,900, टॅक्स धरून 3,422, अन् व्हिजिटचे 590 वेगळे. म्हणजे 4,012 रुपये. वॉरंटीचं विचारलं तर कॉम्प्रेसरची (गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाची) दहा वर्षं, पीसीबीची (आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डची) पाच, बाकी सगळ्याची एक वर्ष, अन् गॅस कशातच बसत नाही. कार्डावर तसंच छापलेलं आहे, दुकानात मात्र फक्त दहा वर्षं, दहा वर्षं एवढंच ऐकू येतं. तेव्हा एसी घेताना समोरच्याला थेट विचारा की कॉइल अन् गॅस किती वर्षं, बाकी जाहिरात राहू द्या.

मे महिना निघाला. मग जूनच्या सुरुवातीला, मृग तोंडावर अन् पावसाचा पत्ता नाही अशा दिवसांत, परत तेच.

आता बाहेरगावचे लोक म्हणतात की नागपुरात कूलर आहे नं, एसी कशाला. बरोबर आहे, एप्रिल-मे मध्ये आपला वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर जी थंड हवा देतो ती एसी पण देत नाही, कारण हवा कोरडी असते, पाणी पटकन उडतं अन् उडताना उष्णता घेऊन जातं. पण मृगाच्या आसपास हवेत ओल आली की कूलर नुसता चिपचिप करतो, अंग ओलं, चादर ओली, अन् गरमी तशीच. एसीची खरी गरज त्या तीन-चार आठवड्यांत लागते, अन् आमचा एसी नेमका तेव्हा गेला. कंपनीकडून लवकरची वेळ मिळेना, आई रात्रभर जागी, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून एकाला बोलावलं, त्याने 2,500 घेतले अन् परत गॅस भरला. लीकेज कुठे आहे विचारलं तर म्हणाला, पाच वर्षं जुना आहे नं मॅडम, गॅस थोडी थोडी संपतेच. पावसाळा लागला, एसी बंद झाला, विषय तिथेच राहिला.

दोन्ही मिळून 6,512 रुपये हवेत गेले. शब्दशः हवेत, कारण भरलेला गॅस बाहेरच निघून गेला. अन् तेवढंच नाही, महावितरणचं बिलही चढलं. गॅस कमी असला की इन्व्हर्टर एसीचा कॉम्प्रेसर सावकाश चालायचं सोडून पूर्ण वेगाने पळत राहतो, कारण खोली सेट केलेल्या तापमानाला पोचतच नाही. आपलं बिल स्लॅबनुसार चढतं, 100 युनिटपर्यंत एक दर, 300 पर्यंत दुसरा, त्याच्या वर आणखी जास्त, त्यामुळे शेवटची जी युनिटं वाढतात ती सगळ्यात महाग पडतात. इन्व्हर्टर घेतला म्हणून वीज वाचते हे खरं आहे, पण मशीन धड असेल तरच.

डिसेंबरात ठरवलं की आता याचा छडा लावायचाच. बहिणीच्या सासऱ्यांच्या ओळखीतले एक काका मिळाले, साठीच्या आसपासचे, जुन्या काळापासून फ्रिज अन् वॉटर कूलरचं काम करणारे. आल्या आल्या त्यांनी गेज लावलं अन् काटा शून्यावर. काहीच नाही आत. मी म्हटलं, काका, जूनमध्ये तर भरला होता, संपला कसा. तर म्हणाले, "गॅस काऊन संपन ताई? पेट्रोल थोडी हाय ते. बंद नळीत फिरते. कमी झाली म्हंजे कुठून तरी निघून राह्यली." इतकी सरळ गोष्ट. उन्हाळाभर दोघांपैकी एकानेही मला हे सांगितलं नव्हतं. ज्यांच्या घरी दरवर्षी गॅस भरावा लागतो त्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात घ्यावी असं मला फार वाटतं, कारण आमच्याच लाइनमध्ये दोन-तीन घरी दर एप्रिलला गॅस भरायची पद्धतच पडून गेली आहे, सर्व्हिसिंगचा भाग असल्यासारखी.

काकांनी सांगितलं की आधी नायट्रोजन भरून पाहू, गॅसला हात नंतर. नायट्रोजनचं सिलिंडर जड असतं, ते वरच्या मजल्यावर आणायचं म्हणून उन्हाळ्यात बरेच जण टाळतात. दुपारी त्यांनी पूर्ण सिस्टिममध्ये 350 पीएसआयपर्यंत (पीएसआय हे प्रेशरचं माप) नायट्रोजन भरला, गेज तसंच लावून ठेवलं, अन् काट्याच्या जागी स्केच पेनने खूण केली. नटांवर साबणाचा फेस लावून पाहिला, एक बुडबुडा नाही. म्हणजे एप्रिलमध्ये जे नट कसले गेले होते तिथे काही नव्हतंच. जाताना सांगून गेले, "रात्री थंडीत काटा थोडा पडन, घाबरू नका. उद्या ह्याच टायमाले पाहा, तिथंच आला पाह्यजे." मला हे फार आवडलं. दुपारचं 28 डिग्री अन् पहाटेचं 12 डिग्री एवढा फरक असला की बंद नळीतलं प्रेशरही आपोआप 15-20 ने उतरतं, ते लीकेज नसतं, तापमानाचं असतं, अन् दुपारी ऊन आलं की परत जागेवर येतं. म्हणून संध्याकाळी भरून सकाळी पाहिलं तर थंडीत चांगलं मशीनही लीक वाटू शकतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी खुर्ची टाकून त्या काट्यासमोर बसले होते. काटा 290 च्या आसपास. खुणेपासून खूप खाली. लीकेज पक्कं.

मग त्यांनी आउटडोरचे व्हॉल्व्ह बंद करून दोन भाग वेगळे केले. आउटडोरकडचं प्रेशर जागेवर राहिलं, इनडोरकडचं पडत गेलं. इनडोर खाली उतरवला, कॉइल बाहेर काढली, तिची तोंडं बंद करून नायट्रोजन भरला अन् आमच्या कपडे धुवायच्या मोठ्या टबात पाणी भरून त्यात ती बुडवली. एका बाजूला, जिथे तांब्याची नळी वळते त्या यू बेंडपाशी, बारीक बुडबुड्यांची माळ वर येत होती. सुईच्या टोकाएवढंही भोक दिसत नव्हतं, पण बुडबुडे थांबत नव्हते. आईलाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, एवढ्याशासाठी मी जूनभर जागले.

अन् खरी गंमत पुढेच आहे. म्हणजे मला ती फार महत्त्वाची वाटते. काकांनी कॉइलचं तांबं दाखवलं, लालसर असायला पाहिजे ते काळं पडलेलं. विचारलं, एसी सुरू केल्यावर सुरुवातीला वास येतो का? येत होता, सडक्या अंड्यासारखा, आम्हाला वाटायचं नाल्याचा. मग त्यांनी इनडोरचा पाणी जायचा पाइप कुठे जातो ते शोधलं. बसवणाऱ्यांनी तो सोयीसाठी भिंतीतून नेऊन थेट बाथरूमच्या ड्रेनेज लाइनमध्ये जोडलेला होता, मध्ये पाणी साठणारा ट्रॅप नाही, काही नाही. म्हणजे गटारातला वायू उलटा त्या पाइपने चढून सरळ इनडोरच्या आत. त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, तो तांब्याला खातो, अन् एसीची कॉइल चालू असताना ओलीच असते, त्या ओलीत तो विरघळून आणखी लवकर काम करतो. मागे नाला आहे त्याचाही हातभार असेलच, पण मुख्य रस्ता हा पाइप. काका म्हणाले, नाल्याच्या काठच्या घरांत कॉइल लवकर जाते हे ते नेहमीच पाहतात, त्यात पाइप असा जोडला असला की मग विचारूच नका. आमचा तो पाइप तिथून तोडून बाहेर मागच्या बाजूला वेगळा काढला, खाली बादली ठेवली, पाणी झाडांना घालता येतं. याला सामान धरून फक्त 150 रुपये लागले. हे न करता नुसती नवी कॉइल टाकली असती तर काही वर्षांनी तीही काळी पडली असती. ज्यांच्या एसीला असा वास येतो त्यांनी आजच तो पाइप कुठे जातो ते पाहावं.

आता पैशाचं. समोर तीन रस्ते होते. पहिला, त्याच कॉइलला वेल्डिंग करून भोक बुजवायचं. त्याचे 1,200 अन् वर गॅस. सगळ्यात स्वस्त. पण काकांनीच नको म्हटलं, कारण एक बेंड गळतो म्हणजे बाकीचे काळे पडलेले बेंडही त्याच वाटेवर आहेत, आज एक बुजवला तर मे मध्ये दुसरा उघडेल अन् भरलेला गॅस परत जाईल. कॉइल नवी-चकचकीत असती अन् एखाद्या जागी धक्का लागून गळत असती तर वेल्डिंग चाललं असतं. अन् कोणी वेल्डिंग करणारच असेल तर आर-32 थोडा पेट घेणारा गॅस आहे हे लक्षात असू द्या, आतला सगळा गॅस काढून, नायट्रोजन फिरवून, मोकळ्या जागेत नेऊनच ज्योत लावायची. बंद खोलीत कोणी तसाच बर्नर पेटवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

दुसरा रस्ता कंपनीकडून नवी कॉइल. त्यांनी एस्टिमेट दिलं: कॉइल 8,400, गॅस 2,900, लेबर 1,500, म्हणजे 12,800, त्यावर 18 टक्के टॅक्स, एकूण 15,104. तिसरा, नवीन एसीच घ्या. हे तर सगळेच सुचवतात, घरातलेसुद्धा. 22 सप्टेंबर 2025 पासून एसीवरचा जीएसटी 28 चा 18 झाला, त्यामुळे किंमती उतरल्या हे खरं, तरी मला पटतील असे दीड टनचे इन्व्हर्टर 36 ते 40 हजारांच्या घरात दिसत होते, अन् बसवायचे, स्टँडचे, जास्तीच्या पाइपचे वेगळे. अन् नवा आणला तरी तो त्याच भिंतीवर, त्याच गटाराच्या पाइपला जोडला गेला असता. आमच्या मशीनचा कॉम्प्रेसर चांगला, पीसीबी चांगला, आउटडोरने प्रेशर धरून ठेवलेलं. मग फक्त एका कॉइलसाठी पूर्ण मशीन भंगारात द्यायला माझं मन तयार होईना.

शेवटी कॉइल बाहेरून आणली. काकांनी मॉडेल नंबर लिहून दिला अन् मीच बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेले. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस, मोर्चे मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवलेले, सगळी वाहतूक वळवलेली, रिक्षावाला तिकडे यायला तयार नाही, तर पायी गेले. दुकानात ती कॉइल नव्हती, मागवावी लागली, अन् हिवाळ्यात मागवायला काही अडत नाही, कोणाला घाई आहे, पण हेच मे मध्ये असतं तर आई तेवढे दिवस कशी राहिली असती याचा विचारच करवत नाही. 6,200 रुपये, पक्कं बिल अन् एक वर्षाची गॅरंटी लिहून घेतली. लिहून घ्या, नुसतं तोंडी नको.

मध्ये एक छोटी गोष्ट सांगून टाकते. काका घरी आलेलेच होते म्हणून हॉलमधला जुना विंडो एसीही दाखवला, हा इन्व्हर्टर नाही, साधा. तो मागच्या वर्षीपासून नुसता घूं घूं करून बंद पडायचा अन् एकाने कॉम्प्रेसर गेला म्हणून 11 हजार सांगितले होते. काकांनी मीटरने कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू व्हायला लागणारा छोटा भाग, तपासला, तो गेलेला. 380 रुपयांत नवा टाकला, एसी सुरू. तेव्हा कॉम्प्रेसर गेला असं कोणी म्हटलं तर आधी कपॅसिटर तपासला का हे विचारायचंच.

कॉइल आल्यावर काका परत आले. पाइपची टोकं नव्याने कापून फ्लेअर केली, म्हणजे नटात घट्ट बसावी म्हणून तोंडं पसरट केली, नवे नट, परत नायट्रोजन, परत खूण, परत एक रात्र. या वेळी दुसऱ्या दिवशी दुपारी काटा बरोबर खुणेवर. मला इतकं बरं वाटलं की मी त्याचा फोटो काढून बहिणीला पाठवला. मग व्हॅक्यूम पंप लावला अन् तासाच्या वर चालू ठेवला. सिस्टिम कित्येक महिने रिकामी होती, भोकातून हवा अन् दमट पावसाळ्याची ओल आत गेलेली, ती राहिली तर कॉम्प्रेसरच्या तेलात मिसळून ॲसिड तयार होतं अन् मग कॉम्प्रेसर जातो. उन्हाळ्यात आलेल्या दोघांनीही पंप आणलेला मला दिसला नव्हता. आता मी कोणालाही फोनवर आधीच विचारते की व्हॅक्यूम पंप अन् वजनकाटा आणणार का, नसेल आणणार तर येऊ नका.

वजनकाट्याचं कारण थंडीत जास्तच समजून घेण्यासारखं आहे. बरेच मेकॅनिक गेजकडे पाहून गॅस भरतात, काटा इथपर्यंत आला की बस. तो आकडा उन्हाळ्याचा असतो. डिसेंबरात बाहेर गारवा, खोलीही गार, त्यामुळे गॅस पूर्ण असूनही गेज कमीच दाखवतं. मग माणूस भरतच जातो, भरतच जातो, अन् मे महिन्यात गच्ची तापली की तोच जास्तीचा गॅस प्रेशर वाढवतो, मशीन ट्रिप होतं, कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून थंडीत वजनानेच भरायचा, दुसरा उपाय नाही. आउटडोरच्या बाजूला जी प्लेट असते तिच्यावर गॅसचं नाव अन् वजन छापलेलं असतं, आमच्यावर 0.85 किलो. पाइप फार लांब नाही, त्यामुळे तेवढंच. काकांनी सिलिंडर काट्यावर ठेवून बरोबर तेवढा आत सोडला अन् मला आकडा वाचायला लावला. मग दुपारी खोली 26 ला असताना 16 वर लावून पाहिला, थोड्या वेळाने जाळीतून निघणारी हवा 13 डिग्री. आई शाल गुंडाळून दारात उभी राहून पाहत होती, म्हणाली बंद करा आता, गारठले मी.

हिशेब असा झाला. कॉइल 6,200, नायट्रोजन टेस्टिंग 500, गॅस 2,200, काढणं-बसवणं 1,500, नट अन् पाइपवरचं नवीन फोम 350. एकूण 10,750. पाण्याच्या पाइपचे 150 धरले तर 10,900. कंपनीच्या एस्टिमेटपेक्षा चार हजारांच्या वर कमी, अन् त्यात मला मशीनची पूर्ण तपासणी होताना डोळ्यांनी पाहायला मिळाली. इनडोर उतरवलाच होता म्हणून त्याची जेट पंपाने धुलाई पण काकांनी त्यातच करून दिली. मजुरीबद्दल मी घासाघीस केली नाही. जो माणूस काट्यावर खूण करून एक रात्र थांबायला सांगतो त्याला 1,500 जास्त नाहीत असं माझं मत. उन्हाळ्यात भरलेले 6,512 याच कामात लागले असते तर मला फक्त साडेचार हजारांच्या आसपास वर घालावे लागले असते, ही बोच आहेच.

एक काम अजून बाकी आहे. आमचा आउटडोर गच्चीवर पश्चिमेच्या बाजूला आहे, दुपारी एकपासून मावळेपर्यंत ऊन थेट त्याच्या अंगावर. काकांनी समजावलं की एसीची टनाची क्षमता बाहेर 35 डिग्री धरून मोजलेली असते, अन् टी-1 क्लासचं साधं मशीन 43 पर्यंतच्या हवेसाठी असतं, 52 पर्यंतचं टी-3 वेगळं असतं. आपल्याकडे मे मध्ये हवाच 45 अन् तापलेल्या गच्चीवर त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे दीड टनचा एसी त्या दुपारी दीड टनचं काम देतच नाही. नवीन घेताना नागपूरच्या माणसाने वीज बचतीच्या स्टारसोबत हा आकडाही कॅटलॉगमध्ये पाहायलाच पाहिजे, दुकानदार स्वतःहून सांगत नाही. उत्तरेच्या भिंतीवर हलवायचं विचारलं, पण त्यासाठी तांब्याचा पाइप बराच वाढतो, वाढलेल्या पाइपला जास्तीचा गॅस लागतो, अन् आत्ताच घट्ट बसवलेले जोड परत उघडावे लागतात, ते मला नको आहे. त्याऐवजी वरून पत्र्याचं छप्पर करायचं ठरलं, आउटडोरपासून दीड-दोन फूट उंच, समोरची बाजू पूर्ण मोकळी, कारण गरम हवा बाहेर निघायला जागा नसेल तर सावलीचा उपयोग नाही. फॅब्रिकेशनवाल्याने 2,800 सांगितले आहेत. मापं घेऊन गेला आहे, होळीच्या आत लावून देतो म्हणाला, कारण एकदा लग्नसराईची कामं सुरू झाली की तोही सापडणार नाही.